सुप्याच्या बाजारात साक्षीदार शोधताना

चिंचेचा लिलाव सुरू होतो तेव्हा ऊन अजून चढायचं आहे. सुप्याच्या उपबाजार आवारात एका अंगाला अखंड चिंचेचे ढीग, पलीकडे फोडलेली चिंच आणि भिंतीकडेला चिंचोक्याची पोती. आडत्याचा माणूस ढिगातून एक बोटूक उचलतो, मोडतो, गर पुढे करतो. व्यापारी तो बोटानं दाबतात, रंग बघतात. भाव पुकारला जातो, वर सरकतो, एका जागी थांबतो. लगेच पुढच्या ढिगाकडे गर्दी सरकते. मागे उभा असलेला शेतकरी हिशेबपट्टी हातात घेतो आणि वजन, भाव, हमाली, तोलाई अशा एकेका ओळीवर बोट ठेवत वाचतो.

माझ्याबरोबर वकीलताई आहेत. त्या बारामतीच्या कोर्टात काम करतात. आज ज्यांना भेटायचं आहे ती माणसं बारामतीला यायला तयार नाहीत. कोर्टाच्या आवारात कुणी पाहिलं तर संध्याकाळपर्यंत गावात बातमी जाते. बाजाराच्या दिवशी मात्र सगळेच सुप्यात असतात, सगळेच एकमेकांशी बोलतात, त्यामुळे कोण कुणाशी काय बोललं याकडे फारसं लक्ष जात नाही. म्हणून ताईंनी हा दिवस निवडला आहे.

अण्णा पट्टी खिशात घालून येतात. मागे त्यांच्या मंडळी, मावशी, हातात कापडी पिशवी घट्ट धरलेल्या. आम्ही रस्त्याकडेच्या रसवंतीत शिरतो. चरकाचे घुंगरू वाजत असतात, त्यामुळे बाजूच्या बाकावरच्या माणसाला आमचं बोलणं ऐकू जात नाही. मावशी पिशवीतून कागद काढून लाकडी मेजावर ठेवतात. सातबारा. फेरफाराची नक्कल. नोंदणी झालेलं खरेदीखत. एक शंभर पानी वही. आणि शेवटी, पदरात गुंडाळलेला मोबाईल.

ताई खरेदीखताला हात लावत नाहीत. त्या आधी विचारतात, "अण्णा, पैसे कधी घेतले? महिना, सण, काहीही आठवेल ते सांगा."

"पोळ्याच्या आधी," अण्णा म्हणतात. "बोर घ्यायचं व्हतं. लेकीचं लगीन तोंडावर आल्यालं. तीन लाख म्हनलं, तीन टक्क्यानं."

"हातात किती आले?"

"दोन लाख एक्क्याण्णव हजार. पहिल्या म्हैन्याचं याज आधीच कापलं त्यानं."

"आणि हे खरेदीखत?"

अण्णा खाली बघतात. मावशी बोलतात. "ताई, सही ह्यांचीच हाय. खोटं कशाला सांगायचं? पर जमीन इकली न्हाई आमी. ते म्हनलं, पैकं फेडलं की जमीन परत लिवून देतो. इस्वासाची खरेदी म्हनलं."

आता ताई खरेदीखत उघडतात. सव्वा एकर जिरायत. किंमत पूर्ण पोचली, असं लिहिलेलं. ताबा दिला, असं लिहिलेलं. दोन साक्षीदारांच्या सह्या. खाली अण्णांची सही, प्रत्येक पानावर अंगठा, फोटो. त्या दस्तात कर्ज, व्याज किंवा परत लिहून देण्याचं वचन यांतलं काहीच नाही.

"शेत कोण करतं?"

"आमीच. औंदा बाजरी केली, मागनं कांदा. पर आता म्हनतोय, रान मोकळं करा."

सुप्याच्या या पट्ट्यात जमीन कशी आहे ते इथं आलेल्याला सांगावं लागत नाही. बारामती म्हटलं की उसाचे मळे डोळ्यांपुढे येतात, पण तालुक्याची ही बाजू कोरडी आहे. जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी आलं तर रान हिरवं होतं, नाही आलं तर बोरवर भिस्त. बोर लागलं नाही तर कर्ज उरतं. अण्णांचं बोर लागलं नाही.

ताई कागदावर बोट ठेवून समजावतात. दिवाणी दाव्यात हा दस्तच आपल्या विरोधात उभा राहील. व्यवहार लिहून नोंदवला गेला की त्यातल्या अटी खोडून काढायला तोंडी पुरावा चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं ९२ वं कलम हेच सांगत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच ९५ वं कलम होऊन बसलं आहे. कलमाचा आकडा बदलला, नियम तोच राहिला. हे गहाण आहे असं म्हणावं, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५८ व्या कलमात १९२९ साली केलेली दुरुस्ती आडवी येते. जमीन परत लिहून देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर त्या खरेदीला गहाण समजलं जात नाही. सावकाराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते वचन तो कधीच लिहून देत नाही.

"मंग आमचं काय खरं न्हाई," अण्णा म्हणतात.

"आहे. त्याच कलमाला परंतुकं आहेत. फसवणूक झाली, दडपण आणलं, मोबदलाच मिळाला नाही, हे तोंडी पुराव्यानं दाखवता येतं. आणि हा कागद अंमलात आणायचा नव्हताच, खरा व्यवहार वेगळाच होता, असं म्हणणं असेल तर तेही सांगता येतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८१ साली गंगाबाई विरुद्ध छबूबाई या खटल्यात ते स्पष्ट केलंय. तिथंही कर्जापोटी नावापुरतं खरेदीखत केलेलं होतं."

मावशींना यातलं किती कळतं ते सांगता येत नाही, पण त्यांचा चेहरा थोडा सैल होतो. त्या वही पुढे सरकवतात.

वही लेकीच्या हातची आहे. पाटीवर अक्षर घोटलेल्या मुलीचं नीट, गोल वळण. तारीख, नऊ हजार, कुणी नेऊन दिले. पुढच्या महिन्यात पुन्हा नऊ हजार. एका महिन्यात पाच हजार, आणि समोर लिहिलेलं : बाकी चार, वर दंड. लग्न होऊन लेक सासरी गेली त्यानंतरच्या नोंदी मावशींनी केल्या आहेत. तिथं फक्त आकडे आणि काट मारलेल्या रेघा आहेत. ताई प्रत्येक पान उलटून बघतात. ही वही एकटी काही सिद्ध करणार नाही, पण साक्ष देताना तारखा आठवायला ती समोर धरता येईल, असं त्या सांगतात. "या वहीत आता एक अक्षरही नव्यानं लिहायचं नाही. चुकलेलं दुरुस्त करायचं नाही. आहे तशी ठेवायची."

मग मोबाईल. तीन हप्ते मुलानं फोनवरून पाठवले होते, सावकाराच्या पुतण्याच्या खात्यावर. आणि एक संभाषण मावशींनी टिपून ठेवलं आहे. त्या आवाज अगदी बारीक करून ऐकवतात. एक पुरुषी आवाज विचारतो, "याज कधी पोचवताय? का रानात नांगर घालू?" एवढंच. पण एवढ्यात "याज" हा शब्द आहे. जमीन विकली असेल तर व्याज कसलं?

ताई पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकतात. "मावशी, हा फोन विकायचा नाही. दुरुस्तीला टाकायचा नाही. नातवाला खेळायला द्यायचा नाही. हे दुसऱ्या फोनवर पाठवून इथलं पुसून टाकायचं नाही." साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली अशा नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग. पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आणि त्यात त्या फाईलचं हॅश मूल्य नोंदवावं लागतं, म्हणजे नंतर तिच्यात कणभरही बदल झाला तर तो उघडा पडतो. खात्यावरच्या तीन रकमांसाठी बँकेचा प्रमाणित उतारा आणायचा. रोख दिलेल्या पैशांना वास नसतो, या तीन रकमांचा मात्र माग निघतो.

रसाचे ग्लास रिकामे होतात. अण्णा पैसे द्यायला उठतात, ताई त्यांना बसवतात. अवघड भाग अजून पुढे आहे.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये १८ वं कलम आहे. कर्जदारानं अर्ज केला, आणि अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांत खरेदी, गहाण, भाडेपट्टा अशा कुठल्याही मार्गानं त्याची स्थावर मालमत्ता सावकाराकडे गेलेली असली, तर जिल्हा निबंधकाला चौकशी करता येते. ती मालमत्ता सावकारीच्या ओघात कर्जाचं तारण म्हणून गेली होती अशी त्याची खात्री पटली, तर तो दस्त अवैध ठरवून ताबा परत देण्याचा आदेश काढता येतो. नोंदणी झालेलं खरेदीखत सुद्धा यातून सुटत नाही. तालुक्याला सहायक निबंधकांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. आणि परवान्याशिवाय सावकारी करणं हा ३९ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंडाचा, किंवा दोन्ही शिक्षांचा गुन्हा.

"मंग झालं की," अण्णा म्हणतात.

"नाही झालं. तो म्हणेल, मी सावकार नाहीच. या एका माणसाची जमीन मी विकत घेतली. कायदा सावकारीच्या धंद्याला लागतो, अण्णा. एखाद्यानं एकदा कुणाला पैसे दिले म्हणजे तो धंदा झाला असं कोर्ट मानत नाही. धंदा दाखवायचा तर दुसरा, तिसरा, चौथा कर्जदार पुढे यायला हवा. तो आणखी कुणाकुणाला पैसे देतो?"

अण्णा आणि मावशी एकमेकांकडे बघतात. नावं दोघांनाही माहीत आहेत, पण ती उच्चारायला वेळ लागतो.

आम्ही पेठेकडे चालू लागतो. सुपे जुनं आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतला हा परगणा. १६५६ साली शिवाजी महाराजांनी इथं संभाजी मोहित्यांकडून तो ताब्यात घेतला. दर्ग्याकडे जाणारी माणसं, बांगड्यांची पाल, मिरचीचे ढीग, कोंबड्यांच्या टोपल्या, पत्र्याच्या पेट्या. याच गावात, बाजाराच्याच दिवशी, कर्जाच्या कागदांवरून देशानं दखल घ्यावी असं काही घडलं होतं.

१२ मे १८७५. बुधवार. तेव्हा हा भाग भीमथडी तालुक्यात. आसपासच्या गावांतून बाजाराला आलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांपुढे जमतात आणि वह्या, कर्जरोखे मागतात. मिळालेले कागद जाळले जातात. धान्याची दुकानं लुटली जातात, काही घरांना आग लागते. इथून लोण पुणे जिल्ह्यात आणि नगरकडे पसरतं, तीसहून अधिक गावांत पोचतं. नंतर नेमलेल्या दख्खन दंगा आयोगानं एक गोष्ट नोंदवली आहे : जमावाला मुख्यतः कागद हवे होते. जिथं सावकारानं ते मुकाट्यानं काढून दिले तिथं बहुधा पुढे काही झालं नाही.

पेठेतून चालताना मला त्या माणसांचा हट्ट समजतो. मुदतीच्या १८५९ च्या कायद्यानं कर्जरोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं होतं. हेतू असा की जुनी कर्जं साचू नयेत. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेलं व्याज नव्या मुद्दलात जाई. पुरावा कायदा लागू होऊन अजून तीन वर्षंही झाली नव्हती, आणि त्या कायद्यानं लिहिलेल्या शब्दाला तोंडच्या शब्दावर बसवलं होतं. परंतुकं तेव्हाही होती. फसवणूक तेव्हाही तोंडी सांगता येत होती. पण सांगायला कोर्टात जावं लागे, आणि कोर्ट दूर होतं. समन्स वाचता येत नव्हतं. शेतकरी हजर राहत नसे, हुकूमनामा एकतर्फी होई. कोर्टात फक्त कागद पोचत असे. म्हणून लोक कागदावर तुटून पडले.

जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. ज्यांची दुकानं लुटली गेली त्यांच्याही घरात त्या रात्री लेकरं घाबरून बसली असतील. पण पुढे काय झालं ते पाहिलं पाहिजे. पुणे जिल्ह्यात ५५९ माणसं पकडली गेली, ३०१ जणांना शिक्षा झाली. नगर जिल्ह्यात ३९२ पकडली, २०० दोषी ठरली. फौजदारी यंत्रणा काही दिवसांत गावोगाव पोचली. त्या रोख्यांत काय लिहिलं होतं ते तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळायला मात्र चार वर्षं लागली.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यानं न्यायाधीशाला सांगितलं, रोख्यावरचा आकडा धरून बसू नका, पहिल्या पैशापासून हिशेब काढा, प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून विचारा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणं थांबवलं. पुढे त्यात जोडलेल्या १०-अ कलमानं तर पुरावा कायद्याचं ९२ वं कलम बाजूला ठेवून व्यवहाराचं खरं रूप शोधण्याची मुभा दिली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं, तालुक्या-तालुक्यांतल्या कोर्टांची दप्तरं तपासली. आजचं १८ वं कलम त्याच वाटेवर चालतं. सुप्याच्या त्या बुधवारचं देणं कायद्याच्या पुस्तकात अजून शिल्लक आहे.

कापडाच्या दुकानामागे एक बोळ आहे. तिथं एका घराच्या ओट्यावर तिघं बसलेली आहेत. अण्णांच्या भावकीतल्या कुणीतरी निरोप पोचवला होता. एक विधवा बाई, काखेत नातू. एक तिशीतला पोरगा, ज्याचा टेम्पो सावकाराच्या वाड्यापुढे उभा आहे. आणि एक म्हातारबाबा, पांढरं धोतर, डोक्याला मळकट मुंडासं.

ताई ओट्याच्या पायरीवर बसतात. वही काढत नाहीत. "मी काही लिहून घेत नाही. आधी ऐकते."

बाई सांगते. नवऱ्याच्या आजारपणात ५० हजार घेतले. तारण म्हणून दोन कोरे चेक आणि सही केलेला कोरा मुद्रांक दिला. नवरा गेला. चेक अजून तिकडंच आहेत. "चेक टाकीन, कोर्टात नेईन म्हनतोय." पोरगा सांगतो, टेम्पोचे कागद आणि चावी दिली, व्याज भरलं, तरी गाडी मिळत नाही. म्हातारबाबा काही सांगत नाहीत. ते फक्त विचारतात, "आमी बोललो तर नाव भाईर जाईल का?"

ताईंना इथं खोटं बोलणं सोपं आहे. त्या बोलत नाहीत. "जाईल, बाबा. निबंधक साहेब त्याला नोटीस काढणार, म्हणणं मांडायची संधी देणार. कुणी काय सांगितलं ते त्याला कळणार. तो त्याचा हक्क आहे. पाठीमागून केलेला आरोप कायद्यात टिकत नाही."

बाबा मान हलवतात. "मंग मी न्हाई. माझं पोरगं त्याच्याच गाडीवर डायवर हाय."

कुणी त्यांना आग्रह करत नाही. ते उठतात, काठी टेकत बोळातून बाहेर पडतात, बाजारात मिसळतात. त्यांना भित्रा म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांच्या मुलाची रोजी एका फोनवर जाऊ शकते. अशा माणसाकडून धैर्याची अपेक्षा करायची आणि त्याच्या पाठीशी काहीच उभं करायचं नाही, हा न्याय नव्हे.

पोरगा तापलेला आहे. तो पोलिसांकडे जाऊन आला आहे. तिथं सांगितलं गेलं, हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी आहे, कोर्टात जा. अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नोंदला नाही. अशी वाक्यं खेड्यापाड्यातल्या माणसांनी इतक्यांदा ऐकलेली असतात की तीच कायदा आहे असं त्यांना वाटू लागतं.

ताई बोटांवर मोजत सांगतात. परवान्याशिवाय सावकारीचा गुन्हा दखलपात्र आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानं तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा दिली आहे. हा गुन्हा त्या पट्ट्यात बसतो. पण १४ दिवस म्हणजे १४ दिवस. त्यापुढे अर्ज कपाटात राहायचं कारण नाही. तरीही नोंद झाली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार, आणि तिथंही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. नोंद झाली की तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. "प्रत घेतल्याशिवाय घरी यायचं नाही."

"आन झडती?" पोरगा विचारतो. "त्याच्या घरात असले कोरे कागद लई हायेत."

"म्हणूनच नोंद लवकर हवी. झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता संहितेच्या १०५ व्या कलमानं बंधनकारक आहे. काय सापडलं, कुठल्या कपाटात सापडलं, किती चेक, कुणाच्या सहीचे, सगळं कॅमेऱ्यापुढे. पंच उद्या फिरले तरी चित्र फिरत नाही."

बाई इतका वेळ ऐकत होती. आता ती विचारते, "माझ्या जबाबाचं काय करतील?"

हा प्रश्न फार मोलाचा आहे. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत आणि खटल्यात तो त्याच्याविरुद्ध विसंगती दाखवण्यापुरताच वापरता येतो. मधल्या काळात दडपण येतं, समजूत घातली जाते, सोयरे मध्ये पडतात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, मला काही माहीत नाही. फितूर साक्षीदार हा शब्द आपण किती सहज वापरतो. तो फितूर का झाला हे उलटतपासात कुणी विचारत नाही.

ताई तिला सांगतात, दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर जबाब नोंदवायची सोय १८३ व्या कलमात आहे. तपास अधिकाऱ्याकडे ती मागायची. तिथं पोलीस समोर नसतो, सावकार नसतो. एकदा ते शब्द न्यायाधीशानं लिहून घेतले की तुम्हाला गप्प करून त्याला पहिल्याइतका फायदा राहत नाही. आणि खोटी साक्ष दे म्हणून कुणी धमकावलं, तर न्याय संहितेच्या २३२ व्या कलमाखाली तो स्वतंत्र गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा.

पण मला म्हातारबाबांची पाठ दिसत राहते. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. ती योजना मृत्युदंड, जन्मठेप किंवा सात वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे, शिवाय स्त्रियांविरुद्धच्या काही गुन्ह्यांसाठी. बेकायदा सावकारीची शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हणजे ज्या गुन्ह्यात साक्षीदार त्याच गावात, त्याच गल्लीत, आरोपीच्याच उपकाराखाली राहतो, तोच गुन्हा या योजनेच्या उंबऱ्याबाहेर राहिला. नव्या संहितेच्या ३९८ व्या कलमानं प्रत्येक राज्यानं आपली योजना करावी असं सांगितलं आहे. ती करताना शिक्षेची वर्षं मोजण्यापेक्षा साक्षीदार आरोपीवर किती अवलंबून आहे ते मोजायला हवं. कर्जदार साक्षीदारांचे अर्ज एकत्र घ्यावेत, त्यांच्या सुनावण्या एकाच दिवशी लावाव्यात, तारखेला तालुक्याला नेण्या-आणण्याची सोय करावी, आणि चौकशी चालू असेपर्यंत त्या जमिनीच्या ताब्याला धक्का लागू देऊ नये. यातल्या कशालाच मोठी तिजोरी लागत नाही. कर्जदार एकटा पडता कामा नये, एवढं ठरवावं लागतं.

कारण १८७५ मध्ये इथं जमलेल्या माणसांकडे एक गोष्ट होती जी अण्णांकडे सकाळी नव्हती. ती माणसं एकत्र होती. कोर्टात मात्र त्यांतला प्रत्येक जण एकटा होता, आणि एकटा असल्यामुळे हरत होता. एकट्याची गोष्ट म्हणजे फसलेला व्यवहार. तीच गोष्ट चौघांनी स्वतंत्रपणे, तारखांसह, एकाच माणसाबद्दल सांगितली की तो पुरावा होतो. २०१४ च्या कायद्यानं नकळत हीच अट घातली आहे : धंदा सिद्ध करायचा तर कर्जदारांनी एकमेकांना शोधलं पाहिजे. मग राज्यानंही त्या शोधाला संरक्षण दिलं पाहिजे. नाहीतर कायदा उत्तम असून कामाला येणार नाही.

दुपार कलते. ताई आता वही काढतात. बाई आधी पुढे येते. तिचं म्हणणं ताई तिच्याच शब्दांत लिहितात. "आजारपण", "दवाखाना", "कोरा चेक", "टाकीन म्हनला". दोनदा वाचून दाखवतात. एके ठिकाणी बाई थांबवते, "चाळीस न्हाई, पन्नास." ताई दुरुस्ती करून तिथं तिची सही घेतात. मग पोरगा. मग अण्णा. तिघांचे अर्ज वेगळे, कारण तिघांचे व्यवहार वेगळे. एकच मजकूर तिघांच्या तोंडी घातला तर उलटतपासात तो पढवलेला ठरेल, असं ताई बजावतात. आपापलं आठवतं तेवढंच सांगायचं, दुसऱ्याचं ऐकून भर घालायची नाही.

मावशी खरेदीखत पुन्हा पिशवीत ठेवतात. त्या मला विचारतात, "दादा, ह्ये जाळलं तर जमीन परत नावावर हुईल का?"

मी सांगतो, नाही होणार, मावशी. नोंदणी कार्यालयात त्याची दुसरी प्रत आहे, आणि हा कागद आता तुमच्या कामाचा आहे. किंमत पूर्ण पोचली असं यात लिहिलंय आणि त्यानंतरही तो व्याज मागतोय. त्याची लबाडी या कागदावरूनच दाखवायची आहे.

त्या मान डोलवतात. तिघंही सहायक निबंधकांच्या कार्यालयात एकत्र जायचं ठरवतात. बस कुठली, कागद कुणाच्या पिशवीत, आधी कुणी बोलायचं, सगळं ओट्यावरच ठरतं. पोहोचपावती तारखेच्या शिक्क्यासह घ्यायची, हे पोरगा दोनदा म्हणून दाखवतो. अण्णा जाता जाता ताईंना म्हणतात, म्हातारबाबांच्या पोराला दुसऱ्या गाडीवर काम मिळतं का ते ते चिंचेच्या व्यापाऱ्यांना विचारून बघतील. चौथा साक्षीदार उभा करायचा तर आधी त्याच्या घरची चूल सावकाराच्या हातातून सोडवली पाहिजे, हे अण्णांना कुठल्या कलमात वाचावं लागलं नाही. साक्षीदार संरक्षणाचा नियम लिहिणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी.